लाल बटणाचा रिपोर्ट

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मशीन थांबलं की इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा, आणि ते काम माझं. लिहायचं कसलं, जुन्याची नक्कल! नाव बदलायचं, मिनिटं बदलायची. सुरुवात ठरलेली, ‘ड्यू टू’ अमुकअमुक, म्हणजे अमक्यामुळे, पुढे नुकसान. ज्याचं नाव तीनदा आलं त्याला घरचा रस्ता.

मंगळवारी हजेरी घेताना माझी बाही रोलरमध्ये अडकली. समोर खोकी बांधणाऱ्या मावशींनी झेप घेऊन लाल बटण दाबलं. बाही फाटली, हात वाचला. मशीन चाळीस मिनिटं बंद. मावशींचं नाव आधीच दोनदा रिपोर्टात आलेलं.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सवयीने जुना रिपोर्ट उघडला, मावशींचं नाव घातलं, चाळीस मिनिटं घातली आणि सही ठोकली. मग वाचून पाहिलं. ज्या हाताने सही केली तो त्यांनीच वाचवलेला. माझी मलाच लाज वाटली.

फाडला. ‘बिकॉज ऑफ’ लिहिलं, तरी बोट त्यांच्याकडेच. ‘ओइंग टू’ म्हणजे तोच आरोप, इस्त्री करून. शेवटी ‘थँक्स टू’ लिहिलं आणि पुढे मिनिटांच्या आधी माझा उजवा हात लिहिला, शाबूत.

सुपरवायझर कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो बाई, हा रिपोर्ट आहे की आभाराचं भाषण? साहेब घेणार नाहीत.”

“मग मला बोलवा म्हणावं. हात घेऊनच येते.”

साहेबांनी खरंच बोलावलं. मी पाचही बोटं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बोटं पाहिली, कागद पाहिला, सही केली आणि मावशींचं नाव मोजायचं नाही असं खाली लिहिलं.

मी धावतच मावशींकडे गेले.

“काय लिहिलंस गं माझ्याबद्दल?”

“तुमच्यामुळे माझा हात वाचला, असं.” मग राहवेना. “आधी तुमच्यामुळे नुकसान झालं असं लिहिलं होतं, मावशी. सहीसुद्धा केली होती.”

“मग फाडलास ना? फाडायलाही हातच लागतो.”

मला रडू फुटलं. मी त्यांचा हात घट्ट धरला, तो सोडवेचना.

“सोड बाई आता,” मावशी म्हणाल्या, “मशीन थांबलं तर पुन्हा माझंच नाव लिहायला बसशील.”