सोळाचा प्लग

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. एकवीस दिवस ते टेबलावर पडून होतं. मला ऐकू कमी येतं, म्हणून जुने विद्यार्थी फोन न करता लिहितात. हे पत्र लिहिणारी आता सासऱ्यांच्या शेडमध्ये लोखंडी गेटं बनवते.

‘सर, लोखंड कापायला प्लाझ्मा कटर घेतला. त्याच्या वायरीला प्लगच नाही. पाटीवर लिहिलंय, २३० व्होल्ट, जास्तीत जास्त २८ अँपिअर. भिंतीत सोळाचं सॉकेट आहे. वायरमन म्हणतो, सगळे सोळाचाच लावतात. मला पटत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.’

ही शेवटची ओळच नडली. तीस वर्षं मी फळ्यावर वीज शिकवली. पक्कड क्वचितच धरली. पोरं मला पुस्तकी मास्तर म्हणत, आणि खोटं म्हणत नसत. सोळाचा नको, एवढं कळत होतं. पण बत्तीसचा लिहावा आणि तिने तो भिंतीतल्या जुन्याच वायरीवर लावला तर? धोका प्लगमधून भिंतीत जाईल, तिथे तो दिसणारही नाही. चार मसुदे फाडले. बाविसाव्या दिवशी सकाळी बस पकडली. वाटभर डोळ्यांसमोर जळलेली शेड.

शेड उभी होती. ती पत्रा कापत होती. मध्येच थांबली, भिंतीपाशी गेली आणि पालथा हात प्लगला लावला.

“अगंबाई, सर! पत्र मिळालं का?”

“मिळालं,” मी म्हणालो. “हे काय करतेस?”

“ताप बघते. हाताला चटका बसेपर्यंत कापायचं, मग थांबायचं. आधी वीस मिनिटं जायची, आता सहा-सातच जातात.” ती हसली. “म्हटलं, सरांचं उत्तर येईपर्यंत असंच भागवू.”

तिच्या हाताच्या पाठीवर तपकिरी डाग होता. प्लगची एक बाजू पिवळी पडून वाकली होती.

“नवी वायर ओढायची म्हणते ही!” खुर्चीतून सासरे ओरडले. माझ्यासाठीच आवाज चढवला असावा. “चालतंय की! पोथीतली वांगी पोथीतच राहू द्या, मास्तर.”

“बाबा, भिंतीतून जळका वास येतो.”

“मग कुणीतरी सहीनिशी लिहून द्या, जबाबदार मी म्हणून. फोडा भिंत खुशाल.”

मी खाली पाहिलं. “पुस्तकात... पाहून कळवतो.”

सासरे मनापासून हसले. प्लग निवला होता. तिने पुन्हा बटणाकडे हात नेला.

“बंद कर ते!”

बहिऱ्याचा आवाज, भलताच मोठा निघाला. तिने प्लग उपसला.

“कुठवर, सर? गुरुवारी गेट द्यायचंय.”

“माझं पत्र येईपर्यंत.”

तिने खुंटीवरची लोखंड कापायची करवत काढली आणि खाली बसून पत्रा कापायला लागली.

दुपारी घरी येऊन लिहायला बसलो. प्लग भिंतीकडे पाहून निवडू नये, यंत्राच्या पाटीकडे पाहून निवडावा. बत्तीस अँपिअरचा, गोल, निळा. सॉकेट त्याच मापाचं. मुख्य बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर, सहा चौरस मिलिमीटरची, तिच्यावर बत्तीसचा ब्रेकर. जुन्या वायरीवर हा प्लग लावू नये. ‘प्लाझ्मा कटर मी आज पहिल्यांदा पाहिला,’ असंही लिहिलं. ते खोडावंसं वाटलं, पण राहू दिलं. खाली ‘जबाबदार मी’ आणि सही.

शेवटची डाक पाचला निघते. दहा मिनिटं उरली होती. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलं. वायरीचा आकडा पुस्तकात तीनदा पाहिला होता, तरी मनात आलं, सहाच ना?

मी बोटं सोडली.