आधी डेटा, मग पोळी

आमच्या पार्सिपनीच्या घरात दोन म्हातारे राहतात असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे तीन. मी, आमचे हे, आणि बेसमेंटमधला तो कॉम्प्युटर. आणि लाड सगळे तिसऱ्याचे! उन्हाळ्यात त्याला पंखा, थंडीत त्याच्याजवळ हीटर. मी काकडले तर मला सांगतात, "स्वेटर घाल."

'ओंजळ' नावाची आमची छोटीशी संस्था आहे. मेळघाटातल्या मुलींसाठी वसतिगृह चालवतो. कुणी देणगी दिली, कुणाला पावती गेली, कुणाला यंदा आठवण करायची, हे सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात. प्रोग्रॅम ह्यांनीच लिहिलेला, नोकरीत होते तेव्हा. काळा पडदा, हिरवी अक्षरं. प्रिंटर सुरू झाला की वर स्वयंपाकघरात माझ्या कपबशा थरथरतात. आणि ही सगळी करामत चालते फक्त आमच्या घरात, म्हणून दर शनिवारी कमिटीही आमच्याच घरात.

कमिटी म्हणजे तीन पोरं. परीक्षित पुण्याचा, इथे बँकेत आहे. जुन्या सिस्टिममधला डेटा उचलून नव्या सिस्टिममध्ये नेणं हाच त्याचा धंदा. देवदत्त मुंबईचा, त्याचाही धंदा तोच, फक्त बँकेऐवजी इन्शुरन्स. आश्लेषा नागपूरची, पिस्कॅटवेला पीएच.डी. करते. तिघंही एकटे जीव. शनिवारी दुपारी येतात, आलेले चेक कॉम्प्युटरवर चढवतात, जेवतात, चहा घेतात, पुन्हा काहीतरी खातात आणि उरलेलं डब्यात भरून नेतात. माझे निम्मे डबे पिस्कॅटवेला स्थायिक झालेत.

हे सगळं मी वर्षानुवर्षं चालवून घेतलं. पण यंदा, म्हणजे २००६ साली, आमच्या अदितीला दिवस गेले. ती व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, गाडीनं चार-पाच तास. दिवाळीनंतर बाळ येणार. लेकीचं पहिलं बाळंतपण, आई नको का जवळ?

मी ह्यांना म्हटलं, "दसरा झाला की निघू या."

"आणि सिस्टिम?"

"का? तिलाही डोहाळे लागलेत?"

"शोभा, वर्षाच्या शेवटी निम्म्या देणग्या येतात. मग टॅक्सच्या पावत्या. मी नसलो तर तो कॉम्प्युटर चालूच होत नाही. बाजूला एका ठरावीक जागी थोपटावं लागतं."

ऐका! मला ताप असताना या माणसानं कधी पाठीवर हात फिरवला नाही, आणि त्या डब्याला थोपटतात.

बरं, एकटी जाऊ म्हटलं तर माझं ड्रायव्हिंग देऊळ आणि इंडियन ग्रोसरी एवढंच. ट्रेननं गेले असते, पण ह्यांना शुगर. मागे सोडलं तर तीन महिने बिस्किटांवर काढतील आणि फोनवर सांगतील, सगळं उत्तम आहे. म्हणजे ते सिस्टिमपासून सुटेपर्यंत मी घरातून सुटत नाही, असा सरळ हिशोब.

नवी सिस्टिम नव्हती असं नाही हं. आश्लेषानं ती कधीच शोधून ठेवली होती. इंटरनेटवर चालणारी, आमच्यासारख्या संस्थांना जवळजवळ फुकट. घ्यायची हेही ठरलं होतं. प्रश्न फक्त 'कधी' एवढाच होता.

उन्हाळ्यात नको, कारण सगळे भारतात. गणपतीत नको, कारण सगळे गणपतीत. मग देवदत्त म्हणाला, "काकू, माझा यावर विश्वास नाही, पण पितृपक्षात नवं काही नको, आई ओरडेल." हा मुलगा दिवसभर मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा इकडचा तिकडे करतो, तिथे याची आई येते का ओरडायला? मग नवरात्र आलं. तर ह्यांनीच सांगितलं, "घट बसलेत, आता हलवाहलव नको." आमच्याकडे घट बसतच नाहीत!

दसऱ्याला मी म्हटलं, आता तरी? साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, सीमोल्लंघन करा. तिघांनी कीबोर्डवर झेंडूचं फूल वाहिलं, श्रीखंड-पुरी ओरपली, आणि परीक्षित ढेकर देऊन म्हणाला, "काकू, आता वर्षअखेर जवळ आली ना. आता रिस्क नको. आपण एप्रिलनंतर करू."

एप्रिलनंतर! तोवर माझं नातवंड रांगायला लागेल. मला असा संताप आला की भांडी घासताना एक वाटी वाकवली.

पुढच्या शनिवारी मी वड्यांची ताटली घेऊन बेसमेंटचा जिना उतरत होते. खाली आश्लेषा नवी सिस्टिम दाखवत होती. म्हणाली, "आणि बेस्ट पार्ट म्हणजे हे कुठूनही चालतं. प्रत्येकानं आपापल्या घरी बसून करायचं."

मग देवदत्तचा बारीक आवाज आला, "म्हणजे शनिवारी इथे यायचं नाही?"

"तशी गरज नाही," आश्लेषा म्हणाली, आणि म्हणताना तिचाही आवाज पडला.

परीक्षित खाकरला. "आपण घाई करतोय का, यार?"

हात् तुमची! मी तिथेच पायरीवर बसले. इतके दिवस मी रिस्क, वर्षअखेर, पितृपक्ष ऐकत होते, आणि खरी अडचण माझ्याच हातात होती, गरम गरम.

ठरवलं, यांचं जेवणच बंद पाडायचं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, "थोडं काम राहिलंय" म्हणत तिघं पुन्हा हजर. मी दुधी उकडला. नुसता उकडला. फोडणी नाही, तिखट नाही, मीठ बेताचं. ह्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजारी आहे. आणि ती पोरं? परीक्षितनं दोनदा वाढून घेतला. देवदत्त म्हणाला, "काकू, किती लाइट आहे!" आश्लेषानं कृती विचारली. कर्म माझं! आठवडाभर फ्रोझन पराठे खाणाऱ्यांना काय, दुधीही पक्वान्न. दुष्काळातल्या माणसाला उपास घडवून काय उपयोग?

मग मी पदर खोचला. म्हणजे कुर्त्यावर ओढणी बांधली.

"ऐका रे," मी म्हटलं. "ज्या दिवशी सगळा डेटा नव्या सिस्टिममध्ये जाईल, त्या दिवशी पुरणपोळी. कटाची आमटी. वर तूप, मागाल तेवढं. नाही गेला, तर एप्रिलपर्यंत हा दुधी."

मग परीक्षितनं विचारलं, "पुढच्या शनिवारी जमेल?"

"वर्षअखेरची रिस्क?"

"मॅनेज करू."

शनिवारी तिघं सकाळी उजाडताच दारात. खाली तिघांची धावपळ, वर माझं पुरण शिजतंय. वेलदोड्याचा वास जिन्यानं खाली गेला की कामाला वेग यायचा. मी अधूनमधून झाकण उघडत होते, मुद्दाम. दुपारी देवदत्त वर आला. "काकू, ऑलमोस्ट झालंय. एक टेस्ट पोळी मिळेल?"

"आधी डेटा, मग पोळी," मी म्हटलं. "आणि तुझ्या 'ऑलमोस्ट'ला मी पुरण घालत नाही."

हे मात्र एका कोपऱ्यात गप्प बसून होते. त्यांचा प्रोग्रॅम होता तो, त्यांच्या हातचा. शेवटचा देणगीदार नव्या सिस्टिममध्ये दिसला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ह्यांनी उठून त्या जुन्या डब्याला त्या ठरावीक जागी थोपटलं. पहिली पोळी मी ह्यांनाच वाढली, अर्धी, शुगर आहे म्हणून. दुसरी अर्धी त्यांनी मी तव्यावरची पोळी उलथत असताना उचलली.

आणि आम्ही अ‍ॅशबर्नला गेलो. मी डिंक, खारीक, बाळंतशेपा घेतल्या. ह्यांनी मागच्या सीटवर तो कॉम्प्युटर घेतला, सीटबेल्ट लावून. "असू दे, बॅकअप," म्हणाले. मी तोंड उघडलं नाही, निघालो हेच पुष्कळ होतं.

दिवाळी झाली आणि नात झाली. काय सांगू, एवढंसं नाक! मी तिला न्हाऊमाखू घालत होते, अदितीला लाडू खायला लावत होते, सुखानं नुसती ओथंबले होते. आठवडाभर सगळं छान.

मग शनिवार आला. ह्यांनी अदितीचा लॅपटॉप उघडला, चार बटणं दाबली, बंद केला.

"झालं," म्हणाले.

"झालं म्हणजे? काम?"

"झालं. त्या तिघांनीही आपापल्या घरून केलं."

शनिवार असा संपतो होय? ना जिन्यावर पायांचा आवाज, ना "काकू, अजून आहे का?" मला काही सुचेना. ती पोरं काय जेवली असतील, या विचारानं मला घास जाईना. मीच त्यांना घराबाहेर काढलं, स्वतःच्या हातानं, तेही पुरणपोळी वाढून. पुढचा शनिवारही तसाच गेला.

त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात तिघं. परीक्षितच्या छातीशी लॅपटॉप, देवदत्तच्या हातात माझे रिकामे डबे.

"अगंबाई!" मी म्हटलं. "इतक्या लांब गाडी हाकत आलात? घरबसल्या होतं ना सगळं?"

मागून अदिती बाळाला घेऊन आली. "आई, let them in. आणि सकाळपासून विचारतेय, आपण घरातलेच, तर तू एवढा साबुदाणा कुणासाठी भिजवलायस?"

"हात चुकला."

देवदत्त गोंधळला. "पण काकू, काल तुम्हीच फोन केलात ना? सिस्टिममधून तुमची देणगी गायब झालीय, ताबडतोब या म्हणून?"

हे सोफ्यावर उठून बसले. अदिती माझ्याकडे बघायला लागली. बाळसुद्धा.

परीक्षित म्हणाला, "मी रात्रीच चेक केलं, काकू. तुमची देणगी आहे तिथे. व्यवस्थित आहे."

"मग आलास कशाला?"

तो डब्यांकडे बघायला लागला.

"उगाच उभे राहू नका दारात," मी म्हटलं. "हात धुवा. आधी जेवा, डेटा मग बघू."