गिऱ्हाइकाचा बाक

बाबांचा सगळा जन्म लोकांच्या पायांशी गेला, आणि ही गोष्ट ते मान ताठ करून सांगत. ते ज्या बुटांच्या दुकानात होते तिथला रिवाजच होता: गिऱ्हाईक बाकावर, विकणारा समोरच्या बुटक्या स्टुलावर, आणि जोड त्याच्या हातात न देता आपण स्वतः पायात चढवायचा. पुढे ते दुकान बंद पडलं, बाबा घरी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गिऱ्हाईक म्हणून गावभर फिरू लागले. तिथेच त्यांचं डोकं फिरलं. औषधवाल्याकडचा पोरगा मोबाइलमधून मान वर काढत नाही, बँकेतली बाई तोंड उघडायचे कष्ट नकोत म्हणून हनुवटीनंच दुसरी खिडकी दाखवते. रोज संध्याकाळी बाबा या मंडळींचा पंचनामा करत आणि आई भाजी निवडता निवडता हूं हूं करत राही.

अशात लेकीला एका मोठ्या, झगमगीत बुटांच्या दुकानात नोकरी लागली, पण अजून कच्ची. काम पाहून पक्की करू, असं तिथले साहेब म्हणाले होते. आणि साहेबांचं मत दिवसेंदिवस वाईटच होत चाललं होतं. ती हळू आहे, बाकीचे तीन गिऱ्हाइकं उरकतात तेव्हा हिचं एक होतं, शनिवारपर्यंत सुधारली नाही तर दुसरीकडे बघावं, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. तिच्या पगारावर घराचं बरंच अडलेलं. जेवताना हे ऐकलं आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, "मग बाकीचे करतात तसं कर. डबा पुढे सरकव आणि पुढच्याकडे वळ. नोकरी टिकव."

लेकीचा घास हातातच राहिला. "हे तुम्ही सांगताय, बाबा?"

बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाचच रिकामा केला. त्या रात्री त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द काही मागे घेतले नाहीत. शेवटी नोकरी ती नोकरी.

शनिवारी मात्र त्यांना घरात बसवेना. बूट घ्यायचं निमित्त करून ते थेट तिच्या दुकानात गेले आणि सवयीनं सरळ बुटक्या स्टुलावरच जाऊन बसले. "काका, ते आमचं आहे," एक चटपटीत विक्रेता त्यांच्याकडे न बघता म्हणाला. बाबा ओशाळून उठले आणि बाकावर टेकले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक थोराड बांध्याची बाई पाय आत ओढून बसली होती. तिचा नंबर ऐकून तो चटपटीत सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकांत नाही मिळणार, पुरुषांकडे बघा." तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती पर्स उचलून उठणार, तोच लेक पुढे झाली. "बसा ना, मी बघते," म्हणत स्टुलावर बसली आणि तिनं हात पुढे केला. बाईनं नाइलाजानं पाऊल पुढे सरकवलं.

"तुमच्या पावलात काही नाही हो," लेक हळूच म्हणाली. "या कंपनीचा साचाच अरुंद आहे."

साचा चांगला होता. ते बाबांना लांबूनही दिसत होतं. हेच खोटं ते स्वतः आयुष्यभर बोलत आले होते आणि घरी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पोरीला हे आपलं आपण सुचलं होतं. बाबांचा ऊर भरून आला.

ती आत जाई, नवा जोड आणी, टाच हातात धरून घालून बघे. शेवटी एक जमला. बाई आरशासमोर चालून आली, परत चालून आली आणि स्वतःशीच हसली. कोपऱ्यात साहेब घड्याळाकडे बघत होते.

"चला, पुढे कोण?" चटपटीत ओरडला. बाबा जागचे हलले नाहीत. शेजारी एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन बसले होते, तेही नाहीत. पलीकडच्या दोघी बायका तर त्याचं ऐकूच आलं नाही असं दाखवून गप्पा मारत राहिल्या.

लेक वळली आणि समोर बाबा. ती क्षणभर गडबडली, मग इतर कुणालाही म्हटलं असतं तसंच म्हणाली, "या, पाय द्या." जन्मभर दुकानात उठबस करून बाबांच्या टाचा भेगाळल्या होत्या, घोटे सुजलेले. त्यांनीही नकळत पाय आत ओढले. तिनं पाऊल बाहेर घेतलं, गुडघ्यावर ठेवलं. या बाजूला बसल्यावर कसं वाटतं, ते बाबांना आज कळत होतं.

तेवढ्यात साहेब आले. "काका, हिनं तुम्हाला फार ताटकळत ठेवलं ना? सांगा मोकळेपणानं."

टाचेवरचा लेकीचा हात थांबला.

"ठेवलं नाही, मीच थांबलो," बाबा म्हणाले. "तो मुलगा मोकळा होता, तरी थांबलो. आणि मी एकटा नाही, जरा बाकाकडे बघा."

साहेबांनी बाक पाहिला, मग काउंटरला टेकून उभा असलेला चटपटीत पाहिला. ते त्याला म्हणाले, "तू हिला आतून डबे आणून देत जा. सोमवारनंतरही. ही आता इथेच आहे."

चटपटीत पहिल्यांदाच मुकाट्यानं आत गेला. शेजारचे गृहस्थ कौतुकानं बाबांना म्हणाले, "अशी माणसं राहिली नाहीत हो. कुणी शिकवलं असेल हिला?"

"माझी मुलगी आहे," बाबा इतक्या मोठ्यानं म्हणाले की आरशापाशी उभे असलेलेही वळले. मग घसा खाकरून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "पण हे तिचं तिचं आहे. मी तर हिला हे सगळं सोड, डबा पुढे सरकव म्हटलं होतं. नाही ऐकलं तिनं माझं."

आणि त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"बाबा," चटपटीतनं आणलेल्या जोडाची लेस बांधता बांधता लेक खालून म्हणाली, "पाय हलवू नका."