भिंतीला पाठ

रंगूबाईचं पत्र आलं तेव्हा नामाला जाऊन महिना झाला होता. निळं आंतरदेशीय पत्र, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘माझा नामा तुमच्या शेजारच्या खाटेवर निजायचा, म्हणून तुम्हाला लिहिते. लोक म्हणतात त्यानं मुद्दाम जीव दिला. दाराशीच बसला होता, कडी आतून होती, तरी काढली नाही. खरं काय ते कळवा. मी आई हाय, माझी समजूत घालू नका.’

नंदकुमारनं ते पत्र एका जुन्या दिवाळी अंकात ठेवून दिलं. उत्तर लिहायला तो किती वेळा बसला, पण ‘नमस्कार’च्या पुढे पेन सरकेना. एके काळी तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक त्याला लांबून दिसे; स्वतःचं वाक्य मात्र लिहिण्याआधीच चुकलेलं वाटे. आणि लिहायचं तरी काय? त्यालाही तसंच वाटत होतं. नामानं जीव दिला असंच.

दोघं एकाच मनोरुग्णालयातून आलेले. बरे झाले तरी नामाला भावांनी घरात घेतलं नाही आणि नंदकुमारला तर न्यायलाच कुणी आलं नाही. अशांसाठी एका ट्रस्टनं कोपरखैरण्यात घर उघडलं होतं. तिथली सलिमाताई त्यांना पुन्हा एकट्यानं राहायला शिकवायची. स्टोव्ह पेटवणं, भाजी आणणं, बँकेची स्लिप भरणं, आपल्या गोळ्या आपण घेणं. नामा आधी शिकला. नावड्याला खोली घेऊन गेला. तिथं एका दुपारी स्टोव्हचा भडका उडाला, गादी पेटली आणि धुरानं तो गेला.

आता नंदकुमारची पाळी होती. दोन गल्ल्या सोडून एक खोली होती. तिथं आठवडाभर राहून दाखवायचं, मग ट्रस्टची कमिटी ठरवणार. खोलीत एक फळी होती, पुस्तकांना पुरेल एवढी. पण त्याला खरी ओढ होती ती दिव्याच्या बटणाची. वॉर्डात दिवा रात्रभर जळायचा, आणि ट्रस्टच्या घरातही व्हरांड्यातला उजेड थेट डोळ्यांवर यायचा. इथं पहिल्या रात्री त्यानं बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिला. ही खोली हातची जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

रविवारी सकाळी तो चहा टाकत होता. पंप जरा जास्त मारला गेला. स्टोव्ह फुरफुरला, जाळ वर चढला आणि खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला. धूर दाटला.

शेजारची गिरजाबाई बाहेरून दारावर थापा मारू लागली. ही साताऱ्याकडची, तिचा नवरा बाजारात माथाडी.

“अवो भाऊ! धूर कसला? दार उघडा!”

“तुम्ही उघडा,” आतून नंदकुमारचा आवाज आला.

“म्या कशी उघडू? कडी आतनं हाय न्हवं!”

“उघडतील. येतील आत्ता.”

“कोन येतील? तुमचा बा? आवो मरायचंय का? काढा की कडी!”

तिच्या ओरडण्यानं तो भानावर आला. बघतो तर आपण दाराच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभे, दोन्ही तळवे पुढे धरलेले. कडी कोपराला लागत होती. त्यानं ती काढली. गिरजाबाई बादली घेऊन आत घुसली, पडदा खाली ओढला, ओल्या पोत्यानं स्टोव्ह दाबला. “खुळं का काय हे माणूस,” म्हणाली. तो खाली बसून उघड्या दाराकडे बघत होता.

वॉर्डातला नियम होता. मारामारी होवो, कुणाला झटका येवो, काहीही गडबड झाली की दाराला हात लावायचा नाही. भिंतीला पाठ लावायची, हात दिसतील असे धरायचे, दार बाहेरून उघडेपर्यंत थांबायचं. जो दाराकडे धावला त्याला मार बसायचा. नामाला एकदा बसला होता. नंदकुमारच्या डोळ्यांदेखत.

नामा दाराशी बसून मरणाची वाट बघत नव्हता. दार उघडण्याची वाट बघत होता.

संध्याकाळी सलिमाताई आली. त्यानं सगळं सांगितलं.

“काका, रोज तर तुम्ही दार उघडता. भाजीला जाता.”

“रोजचं वेगळं. घाबरलो की हात तिथं जातच नाही.”

“हे मला सुचलंच नाही.” ती म्हणाली. “स्टोव्ह शिकवला, बँक शिकवली...” मग ती हलकेच म्हणाली, “कमिटीला सांगितलं तर खोली आत्ता नाही मिळणार. नुसतं पडदा जळला म्हटलं तर चालून जाईल. तुम्ही म्हणाल तसं मी लिहिते.”

नंदकुमारनं दिव्याच्या बटणाकडे पाहिलं.

“आहे ते लिहा,” तो म्हणाला.

कमिटीनं खोली दुसऱ्याला दिली. त्याचं नंतर बघू म्हणाले. तो पुन्हा जुन्या खाटेवर आला. नामाची खाट अजून रिकामीच होती. आता रोज जेवणाआधी सलिमाताई बाहेर जाते, दाराला आतून कडी लावायला सांगते आणि थाळी वाजवत “आग! आग!” ओरडते. एकेकानं पळत जाऊन कडी काढायची. नवीन आलेले हसतात. जुने भिंतीकडे सरकतात. नंदकुमारची पाठ अजूनही आधी भिंतच शोधते.

एका रात्री व्हरांड्यातल्या उजेडात त्यानं रंगूबाईला लिहिलं. ‘नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला. नामानं जीव दिला नाही. तो कुणीतरी दार उघडेल म्हणून थांबला होता. आम्हाला तसंच थांबायला शिकवलं होतं. मीही तसाच उभा राहिलो होतो. माझ्या दारावर एक बाई ओरडली, त्याच्या दारावर कुणी नव्हतं. त्याला जगायचं होतं.’

शेवटचं वाक्य त्याला खोडावंसं वाटलं. म्हातारीला तेच जास्त लागेल. पण तिनं खरं मागितलं होतं. पत्राच्या पाठीवर त्यानं पाठवणाऱ्याचा म्हणून ट्रस्टचाच पत्ता घातला, कडा चिकटवल्या, आणि सकाळी भाजीला जाता जाता नाक्यावरच्या पेटीत पत्र टाकलं.