बिनफण्याचा

“माय, हात काऊन थांबला?” सुनयनानं विचारलं.

नागपंचमीची सकाळ होती. बयनाबाई हळद-चंदनाची वाटी घेऊन भिंतीपुढे उभी होती. दरवर्षी ती इथे नाग काढायची. या दिवशी तवा चढायचा नाही, विळ्याला हात लागायचा नाही. एवढं करूनही गेल्या भादव्यात कपाशीत तिच्या नवऱ्याला, महिपतला, चावलंच. “पान लागलं,” एवढंच तो बोलला. इंद्रवेल्लीकडे असंच बोलतात. त्या जनावराचं नाव घेत नाहीत. कोणतं, हे कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जखम पाहून डॉक्टर म्हणाले, “कोब्रा.”

“साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला,” असं म्हणून बयनाबाई महिपतला चिडवायची. मेली म्हण दोन्हीकडून खरी ठरली.

“जन्मभर पुजलं, त्यानंच माहं कुकू पुसलं. त्याले कसं काढू?”

सुनयना आदिलाबादला कॉलेजात शिकत होती. आईला धीर द्यावा म्हणून ती बोलून गेली, “माय, कोब्रा हा पोर्तुगीज लोकायचा शब्द आहे. मोबाईलवर वाचलं म्या. ते कोन्त्याबी सापाले कोब्राच मनतात. आपल्या नागाले फण्यापायी टोपीवाला कोब्रा मनत. मंग बाकीच्यायनं टोपी टाकून देली, नुसता कोब्रा ठेवला.”

“मंग डाक्टर टोपीचा मनला का बिनटोपीचा?”

डॉक्टर नागालाच कोब्रा म्हणाले, हे सुनयनाला ठाऊक होतं. पण वर्षभरात पहिल्यांदा आईचा चेहरा जरा उघडला होता.

“आता काय ठावं,” ती पुटपुटली.

बयनाबाई पार गोंधळली. ते पोर्तुगीज कुठले, त्यांची टोपी कुठली, आणि तिच्या कपाशीत त्यांचं काय काम? पण चावली ती बिनफण्याची मण्यार असेल तर? दगडापेक्षा वीट मऊ. नवरा काही परत येणार नव्हता, निदान देव तरी घरात राहिला असता.

तिनं बोट वाटीत बुडवलं. शेपटी काढली, वळणावळणाचं अंग काढलं. डोक्याशी येऊन बोट थांबलं. फणा तिनं काढलाच नाही. दूध ठेवलं, लाह्या वाहिल्या, हात जोडले.

“तू नसशील तं माफ कर,” ती म्हणाली. मग बोटाची हळद पदराला पुसली.

“असशील तं सांगू नको.”