उतरलेला पंचम

दौलतसिंहांनी यादीतल्या नावावर बोट ठेवलं आणि वर न पाहताच विचारलं, "कान्होजी भोईटे. फरास?"

"कागजावर फरास, साहेब," कान्होजी म्हणाले. "पण वीस वर्षं तंबोरा लावतोय. लावतो आणि गवयामागे बसून वाजवतो."

संस्थान जाऊन मध्यभारत झालं त्याला वर्ष होत आलं होतं. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकाजवळच्या दफ्तरात जुन्या खात्यांतली माणसं नव्या खात्यांत बसवली जात होती, आणि त्यासाठी दौलतसिंह इंदूरहून आले होते. गाण्याचं जुनं खातं मोडलं होतं. गवई आणि साथीदार गायनशाळेत जाणार होते; फरास, म्हणजे सतरंज्या घालणारे नोकर, बाहेरगावच्या डाकबंगल्यांवर. कान्होजींच्या नावापुढे भिंडचा डाकबंगला लिहिलेला होता.

नोंद खोटीही नव्हती. सतराव्या वर्षी ते सतरंज्या घालायलाच लागले होते. एकदा तंबोरेवाला आजारी पडला म्हणून त्यांनी तारा जुळवल्या, आणि म्हाताऱ्या गवयाने मान वळवून कोण ते पाहिलं. त्या दिवसापासून ते सतरंजीवर बसू लागले. नोंद बदलावी असं कोणाला सुचलं नाही. त्यांनाही नाही.

त्यांनी खिशातून तीन कात्रणं काढून टेबलावर ठेवली. शहराच्या लष्कर भागातून निघणाऱ्या मराठी साप्ताहिकात गोपाळकृष्ण लघाटे गाण्याच्या बैठकांवर लिहीत, त्यातली ती होती. एकात म्हटलं होतं, 'तंबोरे भोईट्यांनी लावले होते. गवई येण्यापूर्वीच मी निम्मा तृप्त झालो.'

दौलतसिंहांना इंदूरमुळे मराठी वाचता येत होतं. त्यांनी तिन्ही नीट वाचली आणि परत सरकवली. तारीफ तर कोणीही छापवून घेतो, लिहिणारा दोस्त असेल, असं ते हिंदीत म्हणाले. कान्होजींनी सांगितलं की त्या माणसाशी आपण आजवर एक शब्दही बोललेलो नाही. दुसरा पुरावा आणायला साहेबांनी त्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत मुदत दिली. परवा यादी ग्वाल्हेरबाहेर जाणार होती.

कान्होजी खरंच कधी लघाट्यांशी बोलले नव्हते. पण दर आठवड्याला त्यांची बायको लीला लेख मोठ्याने वाची आणि ते समोर बसून ऐकत. गवयाच्या मागे बसणाऱ्याला गाणं पाठमोरं ऐकू येतं. समोरून ते कसं दिसलं, कुठे फुललं, कुठे नुसतीच कसरत झाली, हे त्यांना लघाट्यांकडून कळे. आपलं नाव नसलेले लेखही ते तितक्याच ओढीने ऐकत. पुष्कळदा लघाटे गाण्यातल्या एखाद्या जागेबद्दल लिहीत, आणि कान्होजींना वाटे, ही तर आपल्यालाही लागली होती, फक्त सांगता आली नव्हती.

त्या दुपारी ते नई सडकेवर गेले. कागदाच्या दुकानावर, माडीवर लघाटे राहत. शाळेत गणित शिकवणारा, बारीक, टोपी घातलेला माणूस. कान्होजींनी नाव सांगताच ते उठून उभे राहिले.

"भोईटे? बसून घ्या. पाणी घ्या आधी."

कान्होजींनी सगळं सांगितलं आणि दाखला लिहून मागितला. लघाट्यांनी मान हलवली. दाखले मी देत नाही, म्हणाले. जे ऐकलं तेवढंच लिहितो, आणि ते छापून झालेलं आहे. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, पण विनवणीला जागाही नव्हती. भिंडच्या बंगल्यात गाद्या झटकताना ते स्वतःला दिसू लागले.

लघाटे मात्र कपाटाकडे गेले होते. अंकांची एक बांधलेली फाइल काढून ते पानं उलटत राहिले, आणि एका पानावर थांबून त्यांनी ती कान्होजींपुढे ठेवली.

"साहेबांना हे दाखवा," ते म्हणाले. "दोस्ताबद्दल कोणी असं लिहीत नाही."

कान्होजींना ते वाचायची गरज नव्हती. 'पहिल्या अर्ध्या तासात तंबोऱ्याचा पंचम दोनदा उतरला. भोईट्यांकडून ही अपेक्षा नव्हती.' नऊ वर्षांपूर्वीची, खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या गणेशोत्सवाची बैठक. त्या दिवशी त्यांची तीन वर्षांची मुलगी पद्मा विषमज्वराने निपचित पडली होती. कान्होजींचे हात तंबोऱ्यावर होते आणि कान घरी. मुलगी वाचली. पण लेख आला तेव्हा लीलाने तो अंकच चुलीत घातला होता. घरात काय चाललंय ते ठाऊक नसताना लिहितात, असं म्हणून ती पुढचे दोन महिने लेख वाचायला तयार नव्हती.

यातलं काही कान्होजींनी सांगितलं नाही. पानाकडे पाहत ते म्हणाले, "दोनदा नाही, मास्तर. तीनदा उतरला होता."

लघाट्यांनी पान स्वतःकडे वळवलं. मग चष्मा काढून म्हणाले, "तिसरा मला ऐकू आला नाही."

"मी लगेच सावरला."

"हे लिहिताना फार परेशान झालो होतो मी," लघाटे म्हणाले. "दोन रात्री घातल्या. पण तुमची तारीफ छापली होती, मग हे गाळणार कसं?"

"बरोबर लिहिलं होतंत," कान्होजी म्हणाले. नऊ वर्षं हे वाक्य छातीत अडकून होतं, ते बाहेर पडल्यावरच त्यांना कळलं. लघाट्यांनी फाइल कापडात बांधून दिली आणि काम झालं की परत आणून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दौलतसिंहांनी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. मग खुर्चीला टेकून ते पहिल्यांदाच हसले.

"फरास का पंचम नहीं उतरता," ते म्हणाले, आणि लाल शाईने भिंड खोडून तिथे लिहिलं: तंबोरा-साथी, गायनशाळा.

कान्होजी बाड्यावर आले आणि कठड्याला धरून थोडा वेळ उभेच राहिले. घरी कळलं तेव्हा लीलाने आधी देवापुढे साखर ठेवली. कोणत्या लेखाने काम झालं ते ऐकत तिने साखरेचा डबा जागेवर ठेवला. मग म्हणाली, "त्यांना एकदा जेवायला बोलवायला हवं." लघाट्यांनी निरोप पाठवला की येता येणार नाही, क्षमा असावी.

भाद्रपदात गायनशाळेची पहिली बैठक झाली. कान्होजींनी दुपारपासून बसून तंबोरे लावले होते. इतके जुळलेले तंबोरे त्यांना स्वतःलाही आठवत नव्हते. लघाटे नेहमीसारखे मागच्या रांगेत होते. आठवड्याने लेख आला. लीलाने तो शेवटपर्यंत वाचला, पान उलटून मागेही पाहिलं. तबल्याबद्दल होतं, पेटीबद्दल होतं. तंबोऱ्याचं नाव नव्हतं.

"विसरले वाटतं," ती म्हणाली.

"ते विसरत नाहीत," कान्होजी म्हणाले. "आता ओळख झाली ना. आता नाही लिहिणार कधी."

लीला अंक घडी करू लागली, तसा त्यांनी हात पुढे केला.

"ठेवू नकोस. ते मारव्याचं जे लिहिलंय ना, सावकाश चढत गेला ते, तेवढं पुन्हा वाच."

ती उजेडासाठी दाराशी सरकून बसली आणि वाचू लागली. कान्होजींनी डोळे मिटून घेतले.