सखारामच्या मागची सहा पावलं

मित्रांनो, माझ्या पोटात आता हवा टिकत नाही. पण माझ्या एका शिवणीवर घोंगडीच्या काळ्या दोऱ्याचे सात टाके आहेत, ते अजून घट्ट आहेत. मी चिकलठाण्यातल्या एका कारखान्याचा जुना फुटबॉल. त्या टाक्यांची गोष्ट सांगतो.

मी कोरा करकरीत असताना औरंगाबादेत रोज नवी चिमणी उभी राहत होती. पाळी सुटली की कामगार मला घेऊन माळावर येत. त्यांना शिकवायचे भट्टीवरचे कडूबामामा. मामा पिशोरकडचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, म्हणून खेळही त्यांनी मेंढरांवरूनच शिकवला.

इतर संघ चेंडू गेला की आपल्या गोलाकडं माघारी पळत. मामांचा संघ समोरच्याच्या दारातच मला घेरायचा.

"पळतं मेंढरू एकट्यानं धरता येत नाय," मामा सांगत. "सखाराम, तू तोंडावर जा. दोघांनी बगला धरा. अन् बद्रीनाथ, तू सखारामच्या मागं सहा पावलांवर. मेंढरू वळलं की तुझ्याच पायात येतं. बचाववाल्यांनो, मधल्या रेषेपस्तोर वर या. त्रिंबक, तू गोल सोडून पुढं ये. मागं राखणीचं कुत्रं पाहिजे."

"मामा, म्या कुत्रं व्हय?"

"व्हय. अन् लई गुणाचं."

घेरलं जाणारं मेंढरू मीच. तरी सांगतो, ते घेरणं फार देखणं होतं. वाऱ्यात ज्वारीचं रान हलावं, तसे सगळे एका झुळकीत सरकत.

त्याच दिवसांत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून शहरात मोर्चे निघत. सखाराम भीमनगरचा. घोषणा देऊन आवाज बसलेला, तसाच सरावाला यायचा. बद्रीनाथच्या गावाचा नावाला विरोध. भावकीनं त्याला बजावलं होतं, त्या पोराच्या जोडीनं खेळायचं नाही.

वाळूजच्या संघाशी सामना होता. सखाराम वाऱ्यासारखा तोंडावर गेला. समोरच्यानं मला वळवलं. तिथं बद्रीनाथ हवा होता; तो वीस पावलं मागं, मान खाली घालून उभा होता. त्या मोकळ्या जागेतून मी गेलो आणि आमच्यावर गोल झाला. पुढच्याच लाथेला माझी शिवण उसवली.

मध्यंतरात सखारामनं बूट काढले. "मागं कुणी येणार नाय, तर म्या कामून धावू? जातो घरी."

दुसरा चेंडू नव्हता. मामांनी पिशवीतून दाभण आणि घोंगडीचा दोरा काढला. "धरा दोघंबी. दोन्हीकडून दाबा. एकानं सोडलं की फट पडती."

एका बाजूला सखारामचे हात, दुसरीकडं बद्रीनाथचे. बोटांना बोटं लागली. कुणी हात काढला नाही. मधून दाभण जात-येत राहिली.

"मामा, भावकीत मला जाब द्यावा लागतो," बद्रीनाथ हळूच म्हणाला.

"तिथं दे की जाब. इथं सहा पावलांवर ये."

सातवा टाका पडला. सखारामनं बूट चढवले.

खेळ सुरू झाला. सखाराम पुन्हा तोंडावर आला, समोरच्यानं पुन्हा मला वळवलं. मी सुटणार, तोच पुढ्यात बद्रीनाथचा पाय! त्यानं मला थांबवलं, अलगद सखारामकडं ढकललं. गोल! सखारामनं मागं वळून बघितलं.

"आलास व्हय?"

"आलो."

सामना बरोबरीत सुटला, करंडक काही मिळाला नाही. पण त्या दिवसापासून ती सहा पावलं कधी वीस झाली नाहीत. पुढं विद्यापीठाला नाव मिळालं. मामा गेले, माळावर शेड उभ्या राहिल्या. मी सखारामच्या घरी फळीवर धूळ खातो. बद्रीनाथ आला की चहा होईस्तोवर माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवत बसतो.

मित्रांनो, जमलं तर जुन्या चेंडूची धूळ पुसा, त्यात हवा भरा. आणि खेळताना कुणी एकटा पुढं धावला, तर त्याच्या मागं नजर टाका. तिथली जागा रिकामी दिसली, तर मामांची 'सहा पावलांवर ये' ही हाक आपल्यालाच आहे असं समजा.